लहान सापांच्या ओळखीचा इतिहास

सापांवर व्याख्यान आहे असे जाहीर झाले म्हणजे श्रोते नागाची अपेक्षा धरून येतात, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे नाही. नागाला आपल्याकडे सण आहे, देऊळ आहे, कहाणी आहे. त्याची फणा एकदा पाहिलेला मनुष्य ती जन्मभर विसरत नाही. धामण शेतकऱ्याच्या नित्य परिचयाची, घोणस तिच्या फुत्कारावरून लांबूनही कळणारी, आणि अजगर तर आपल्या आकारानेच आपले नाव सांगतो. परंतु आज आम्हांला बोलावयाचे आहे ते या थोरामोठ्यांविषयी नव्हे. हातभर लांबीचे किंवा त्याहूनही लहान, रानातल्या पाचोळ्याखाली, दगडांच्या सांदीत, ओंडक्याच्या सालीआड नाहीतर ओल्या मातीत राहणारे जे साप आहेत, त्यांच्याविषयी चार शब्द सांगावे असा आमचा विचार आहे. हे साप मनुष्याने कसकसे ओळखले, कोणी ओळखले आणि ओळखताना काय काय चुका केल्या, हा या व्याख्यानाचा विषय.

इतक्या क्षुद्र जिवांचा इतिहास तो कसला, असे कोणी म्हणेल. त्यास आमचे उत्तर असे, की या ओळखीशी माणसाच्या प्राणाचा संबंध आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली असावीत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडलेला आहे. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. आपल्या देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत. पण या मृत्यूंचा मोठा वाटा नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांकडे जातो. यांपैकी फुरसे हे वीतदीडवीत लांबीचेही असू शकते, आणि मण्यार सडपातळ असते. त्यांच्यासारखे दिसणारे परंतु निरुपद्रवी असे साप लहानच आहेत. त्यामुळे गोंधळ होतो तो लहान सापांत. फुरशाला ‘हे तर पिल्लू’ म्हणून हात लावणारा मनुष्य प्राणास मुकतो, आणि कवड्याला मण्यार समजून ठेचणारा एका निरपराध जिवाचा प्राण घेतो. दोन्ही चुका एकाच अज्ञानातून होतात.

ओळखीची पहिली पायरी म्हणजे नाव, आणि नावे ठेवण्याचे काम शास्त्रज्ञांच्या कितीतरी आधी आपल्या शेतकऱ्यांनी, गुराख्यांनी आणि रानात वावरणाऱ्या लोकांनी केलेले आहे. अंगावर कवड्यांसारखे पट्टे असलेला तो कवड्या. मांजरासारखी उभी बाहुली असलेल्या डोळ्यांचा तो मांजऱ्या. गवतासारखा हिरवा तो गवत्या. शेपटीचे टोक तुटक्या खापरासारखे खरबरीत असलेला तो खापरखवल्या. हे शेवटचे नाव ज्याने प्रथम उच्चारले त्याने तो साप हातात घेऊन नीट न्याहाळला असला पाहिजे. लांबून पाहणाऱ्याला ते सुचणार नाही. लोकांच्या या नावांत निरीक्षण भरपूर आहे. उणीव आहे ती एवढीच, की एकाच सापाला दर दहा कोसांवर निराळे नाव पडते आणि एकच नाव दोन-तीन सापांना लागू होते. शिवाय भय आणि कुतूहल या दोहोंमुळे नावांभोवती कथा रचल्या जातात. मांडुळाची शेपटी बोथट, म्हणून त्याला दोन तोंडे आहेत आणि तो सहा महिने एकीकडे व सहा महिने दुसरीकडे चालतो, ही त्यांतलीच एक कथा. याच समजापायी आजही मांडुळांची चोरटी विक्री होते.

ही लोकांची नावे ग्रंथात शिरली ती अठराव्या शतकाच्या अखेरीस. पॅट्रिक रसेल नावाचा एक स्कॉटिश डॉक्टर १७८१ मध्ये आपल्या भावाबरोबर विशाखापट्टणम येथे आला. हा भाऊ कंपनीच्या नोकरीत होता. पॅट्रिक यापूर्वी सीरियातील अलेप्पो शहरी वैद्यकी करीत असे आणि तेथील प्लेगविषयी त्याने पुष्कळ लिहिले आहे. १७८५ मध्ये कंपनीने त्याला मद्रास इलाख्यातील आपला निसर्गतज्ज्ञ नेमले. विषारी आणि बिनविषारी साप सामान्य माणसाला ओळखता येतील अशी काही सोपी खूण सापडते काय, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. त्याने लोकांकडून साप मागविले, त्यांचे दात तपासले, कोंबड्या व कुत्रे यांच्यावर विषाचे प्रयोग केले आणि १७९६ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचे वर्णन करणारा मोठा सचित्र ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. आज आपण ज्याला घोणस म्हणतो त्या सापाच्या शास्त्रीय व इंग्रजी नावात या रसेलचेच नाव आहे.

आमच्या दृष्टीने रसेलचा विशेष असा, की पुष्कळ सापांची तेलुगू नावे त्याने विचारून घेतली आणि ती तशीच छापली. पुढील शास्त्रज्ञांनी त्या ग्रंथातील चित्रांवरून सापांना लॅटिन नावे दिली. मण्यारीच्या कुळाचे ‘बंगारस’ हे नाव तेलुगूतील ‘बंगारम्’ म्हणजे सोने या शब्दावरून आले आहे. गांडुळासारखा दिसणारा, पावसाळ्यात न्हाणीघरात निघणारा आपला वाळा रसेलला विशाखापट्टणमच्या लोकांनी ‘रेंडु तललु पामु’ म्हणजे दोन डोक्यांचा साप म्हणून सांगितला होता. त्याच वर्णनाच्या आधारे दोदँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०३ मध्ये त्याला शास्त्रात स्थान दिले. तेलुगू शेतकऱ्याने जी समजूत केली तीच मराठी शेतकऱ्याने मांडुळाबद्दल केली, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. वास्तविक वाळ्याचे खरे नवल निराळेच आहे. या जातीत सर्व माद्याच असतात. नरावाचून त्यांची वंशवृद्धी होते. त्यामुळे कुंडीतल्या मातीतून एखादी मादी परदेशी गेली तरी तिची वसाहत तेथे उभी राहते, आणि अशा रीतीने हा वीतभर साप जगातील बहुतेक उष्ण देशांत जाऊन पोहोचला आहे.

रसेलच्या ग्रंथाचा उपयोग विद्वानांना झाला. रत्नागिरीच्या कुणब्याला झाला नाही. एकोणिसाव्या शतकात कोकणात फुरशांचा उपद्रव फार होता. सरकारने त्यावर उपाय योजला तो बक्षिसाचा. मारलेले फुरसे आणून दाखवावे आणि पैसे न्यावे. व्हिडाल नावाच्या सनदी अधिकाऱ्याने १८९० मध्ये या विषयावर लिहिताना जे आकडे दिले आहेत ते पाहून मन थक्क होते. रत्नागिरी जिल्ह्यात सहा वर्षे दरवर्षी सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास फुरशी बक्षिसासाठी मारली गेली. एवढी मारूनही फुरसे कोकणातून नाहीसे झाले नाही. ते आजही तेथील कातळावर आहे.

या आकड्याविषयी आमच्या मनात नेहमी एक शंका येते. एवढ्या लाखो ढिगांतून प्रत्येक साप कोण तपासत बसले असेल? कचेरीतल्या कारकुनाला फुरसे आणि मांजऱ्या यांतला भेद सांगणारी कोणती खूण ठाऊक असेल? बक्षीस मिळावयाचे असले म्हणजे प्रत्येक लहान तपकिरी साप फुरसेच दिसू लागतो. त्या ढिगात किती मांजऱ्या, किती नानेट्या आणि किती कवडे गेले, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. ज्या काळात ओळख नव्हती, त्या काळात मोजदाद मात्र फार काटेकोर होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ओळखीचे काम पद्धतशीरपणे सुरू झाले ते मुंबईत. १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. यांत सहा इंग्रज व दोन मराठी मंडळी होती, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, ज्यांचे नाव प्रार्थना समाजाच्या इतिहासात आपण वाचतो. आणि दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. धर्मसुधारणेचा विचार करणारा मनुष्य किडामुंगी आणि साप यांचाही विचार करीत होता, असा तो काळ होता. या संस्थेच्या प्रारंभीच्या दिवसांत हर्बर्ट फिप्सन नावाचा मद्याचा व्यापारी तिचा चिटणीस होता, आणि संस्थेचा संग्रह त्याच्याच दुकानाच्या जागेत ठेवलेला असे. सह्याद्रीतील एका खापरखवल्याला १८८८ मध्ये या फिप्सनचे नाव देण्यात आले. मद्याच्या बाटल्यांशेजारी सापांच्या बाटल्या मांडणाऱ्या या गृहस्थाचे स्मारक कोणत्या चौकात आहे की नाही, आम्हांला ठाऊक नाही. पण घाटातल्या ओल्या मातीत ते आजही वळवळत आहे.

खापरखवल्यांची गोष्ट निघाली आहे तर आणखी एक नाव घेतले पाहिजे. कर्नल रिचर्ड बेडोम हा मद्रास इलाख्याच्या जंगलखात्याचा प्रमुख होता. त्याचे काम झाडांचे. परंतु झाडांच्या मुळाशी काय राहते हेही तो पाहत असे. दक्षिणेकडील डोंगरांत हिंडून त्याने कितीतरी नवे खापरखवले शोधून काढले. हे साप दक्षिण भारत आणि श्रीलंका यांखेरीज जगात कोठेही नाहीत. ते मातीखाली राहतात, गांडुळे खातात, अंडी न घालता जिवंत पिल्लांना जन्म देतात, आणि धरले तरी चावण्याचा प्रयत्नही करीत नाहीत. पावसाळ्यात रस्त्यावर आले म्हणजे लोक त्यांना विषारी समजून चिरडतात. इतक्या गरीब जिवाचा असा शेवट व्हावा हे आमच्या अज्ञानाचे फळ आहे.

यानंतर आम्ही ज्या मनुष्याकडे वळतो त्याला या इतिहासाचा मुख्य नायक म्हटले तरी चालेल. फ्रँक वॉल याचा जन्म १८६८ मध्ये श्रीलंकेत झाला. तो लष्करी वैद्यकीय सेवेत डॉक्टर होता आणि नोकरीच्या निमित्ताने देशभर फिरला. १९०५ ते १९१९ या काळात त्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील नेहमी आढळणाऱ्या सापांवर एक लेखमाला लिहिली, आणि विषारी साप कसे ओळखावे यावर एक लहानसे पुस्तकही लिहिले. वॉलचे म्हणणे असे, की रंगावर विश्वास ठेवू नका. रंग वयाप्रमाणे बदलतो, प्रदेशाप्रमाणे बदलतो, कात टाकण्यापूर्वी मंद होतो आणि बाटलीतल्या मद्यार्कात तर उडूनच जातो. बदलत नाहीत ते खवले. त्यांची मांडणी, त्यांची संख्या आणि त्यांचा आकार हीच सापाची खरी अक्षरे होत.

ही अक्षरे कशी लावावयाची ते एक-दोन उदाहरणांनी सांगतो. मण्यार आणि कवड्या दोन्ही गडद अंगाचे व पांढरट आडव्या पट्ट्यांचे. परंतु मण्यारीच्या पाठीच्या मध्यरेषेवर जी खवल्यांची ओळ असते तीतले खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठे व षट्कोनी असतात. कवड्याच्या पाठीवर तसे नसते. मण्यारीच्या शेपटीखालचे खवले अखंड, कवड्याचे दुभागलेले. पट्टेही पाहावे: मण्यारीचे पट्टे मानेपासून काही अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे ठळक होत जातात, तर कवड्याचे मानेजवळ ठळक आणि मागे मागे पुसट. आता फुरसे आणि मांजऱ्या पाहा. फुरशाच्या डोक्यावर बारीक, कणी असलेले खवले असतात. मांजऱ्याच्या डोक्यावर ढालीसारखे मोठे खवले. फुरसे आखूड, जाडसर, लहान शेपटीचे. मांजऱ्या सडपातळ, लांब शेपटीचा. फुरसे चवताळले म्हणजे अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि कुशीवरच्या करवतीसारख्या खवल्यांतून खरखर असा आवाज निघतो.

वॉलची पद्धत इतकी पक्की, की १९४३ मध्ये माल्कम स्मिथ याने ब्रिटिश भारतातील सापांचा जो प्रमाणग्रंथ लिहिला, तो याच खवल्यांच्या व्याकरणावर उभा आहे. परंतु तिच्यात एक अडचण आहे आणि ती साधी नाही. शेपटीखालचे खवले पाहावयाचे तर साप उलटा करावा लागतो. साप उलटा करावयाचा तर तो हातात धरावा लागतो, आणि सुरक्षितपणे धरावयाचा तर तो मेलेला असावा लागतो. म्हणजे हे सारे ज्ञान मेलेल्या सापाचे ज्ञान झाले. रानात चालणाऱ्या माणसापुढे साप येतो तो जिवंत, आणि आपले पोट दाखविण्यास तो बांधलेला नसतो.

शिवाय अक्षरे वाचता येणारा मनुष्यदेखील कधी चुकतो. याचे अत्यंत दुःखद उदाहरण शिकागोचे आहे. कार्ल श्मिट हा तेथील निसर्गेतिहास संग्रहालयातून निवृत्त झालेला जगप्रसिद्ध सर्पतज्ज्ञ. सप्टेंबर १९५७ मध्ये शहराच्या प्राणिसंग्रहालयाने त्याच्याकडे एक लहान आफ्रिकी साप ओळख पटविण्यासाठी पाठविला. दिसावयास तो बूमस्लँग या जातीचा. पण त्या जातीत गुदद्वारावरचा खवला दुभागलेला असतो आणि या सापाचा तो अखंड होता. त्या एका खवल्याने मनात शंका निर्माण केली. तपासताना सापाने श्मिटच्या अंगठ्याला दंश केला. साप अगदी लहान, एकच दात लागलेला. त्याने ती गोष्ट मनावर घेतली नाही. शास्त्रज्ञाच्या सवयीप्रमाणे तो आपल्या प्रकृतीत होणारे फरक टिपून ठेवीत राहिला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मरण पावला. तो साप बूमस्लँगच होता. एवढ्या विद्वानाच्या हाताशी सर्व ग्रंथ होते. ‘लहान आहे’ या एका विचाराने घात केला.

येथे आमची स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. ती सांगताना आम्हांला आनंद होत नाही. पण जी चूक दुसऱ्याच्या पदरी सांगावयाची ती आपल्या पदरी असताना लपविणे बरे नव्हे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही काही मित्र पहिल्या पावसानंतर दक्षिण कोकणातील एका सड्यावर गेलो होतो. सडा संपून रान जेथे सुरू होते तेथे आमच्या वाटाड्याने एक जांभा दगड उलटला. खाली हातभरही लांब नसलेला एक तपकिरी साप गप्प पडून होता. वाटाड्या तरुण होता, त्याच गावचा. तो म्हणाला, “फुरसां असतला, सायबानू. हात घालू नकात.” आम्ही नुकतेच पुस्तके वाचून गेलो होतो. डोक्यावर एक खूण दिसली. ती आम्हांला मांजऱ्याच्या डोक्यावरच्या खुणेसारखी वाटली. साप वेटोळी घाशीत नव्हता, आवाज करीत नव्हता. आम्ही हसून म्हणालो, “अरे, मांजऱ्या आहे हा. घाबरण्याचे कारण नाही.”

त्याने आमच्या शब्दावर विश्वास ठेवला. दगड पूर्ववत ठेवण्यासाठी त्याने हात खाली नेला आणि दंश बोटावर झाला.

पुढचे सविस्तर सांगत नाही. तालुक्याच्या दवाखान्यातील डॉक्टरांनी कोणता साप चावला याची फार चौकशी केली नाही. त्यांनी त्याचे थोडे रक्त एका स्वच्छ काचेच्या नळीत घेतले आणि ती नळी न हलविता वीस मिनिटे ठेवली. वीस मिनिटांनी नळी वाकडी केली तेव्हा रक्त पाण्यासारखे वाहिले. ते गोठले नव्हते. फुरशाचे विष रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी करते. त्या नळीने आम्हांला जे सांगितले ते आमच्या पुस्तकांनी आम्हांला सांगितले नव्हते, आणि त्या वाटाड्याने ते अर्ध्या क्षणात सांगितले होते. प्रतिविष मिळाले आणि तो वाचला. तीन दिवस त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होते. त्याच्या आईने आम्हांला एकही शब्द बोलून दाखविला नाही. तो दाखविला असता तर बरे झाले असते असे आम्हांला अजून वाटते.

त्या दिवसापासून आम्ही दोन गोष्टी शिकलो. पहिली ही, की स्थानिक माणसाने सांगितलेले नाव हे अडाणीपणाचे नसून पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाचे असते. ते खोडून काढण्याआधी शंभरदा विचार करावा. दुसरी ही, की ‘हा साप आम्हांला ओळखता येत नाही’ हे वाक्य उच्चारण्याची लाज वाटता कामा नये.

असो. इतिहासाचा धागा पुन्हा हाती घेऊ. स्वातंत्र्यानंतरच्या काळात मेलेल्या सापाकडून जिवंत सापाकडे अभ्यासाचे तोंड वळले. मुंबईला परळ येथील हाफकिन संस्थेत विष काढण्यासाठी आणि प्रतिविष तयार करण्यासाठी साप पाळले जात. तेथे काम केलेले डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरील पुस्तक १९६५ मध्ये नॅशनल बुक ट्रस्टने प्रसिद्ध केले आणि शाळामास्तरापासून डॉक्टरापर्यंत अनेकांनी ते वाचले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांच्या रक्षणाची वाट मोकळी केली. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८० मध्ये बहात्तर विषारी सापांच्या सहवासात बहात्तर तास काढून दाखविले. डिवचल्यावाचून साप चावत नाही, हे त्यांना लोकांना पटवून द्यावयाचे होते. पुढे कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले, आणि ज्या पोरांच्या बापांनी काठी उचलली असती ती पोरे काचेपलीकडचा साप डोळे भरून पाहू लागली. २००४ मध्ये रॉम्युलस व्हिटेकर आणि अशोक कॅप्टन यांचे भारतीय सापांवरील क्षेत्रपुस्तक निघाले. त्यात खवल्यांची आकृती आहे आणि जिवंत सापाचे रंगीत छायाचित्रही आहे. वॉलचे व्याकरण आणि गुराख्याची नजर ही दोन्ही प्रथमच एका पानावर आली.

आणि आता ओळखण्याजोगे काही उरले नाही असे कोणी समजू नये. २०१२ मध्ये पश्चिम घाटातून पोवळ्याची एक नवी जात जाहीर झाली. २०१६ मध्ये उत्तर पश्चिम घाटातील एका काळ्या, मातीखाली राहणाऱ्या सापाला खैरे यांचे नाव मिळाले. तोपर्यंत या सापाला बेडोमने १८७१ मध्ये नाव दिलेल्या दक्षिणेकडील जातीतच गणले जात असे. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षे दोन साप एका नावाखाली नांदत होते. २०१९ मध्ये कोयनेच्या रानातून मांजऱ्याच्या कुळातील एक नवी जात नोंदली गेली. ती ओढ्याकाठच्या बेडकांची अंडी खाते. ज्या कोयनेच्या धरणाची चर्चा आपण गेली साठ-सत्तर वर्षे करीत आलो, त्याच्या शेजारच्या ओढ्यात कोण राहते ते आपल्याला काल कळले.

आता, श्रोतेहो, एखादा पावसाळी रविवार घाटात घालविण्याचा ज्यांचा विचार असेल त्यांच्यासाठी थोडे सांगतो. लहान साप पाहावयाचा तर प्रथम चालणे मंद करावे. पायात जाड बूट असावे आणि संध्याकाळनंतर हाती विजेरी असावी. हात कोठेही न पाहता घालू नये. दगडाखाली नाही, ढोलीत नाही, पाचोळ्यात तर मुळीच नाही. फांदीला धरण्यापूर्वी फांदी पाहावी, कारण चापडा हिरव्या फांदीवर तासन्‌तास निश्चल पडून असतो, आणि त्याच्या डोळा व नाकपुडी यांमधला उष्णता जाणणारा खळगा आपल्या हाताची ऊब आपण त्याला पाहण्यापूर्वीच ओळखतो. साप दिसला की दोन पावले मागे सरावे. मग शांतपणे पाहावे: डोके मानेहून रुंद आहे की नाही, अंग बारीक की जाडसर, शेपटी आखूड की लांब, खवले चकचकीत की खरखरीत, तो जमिनीवर आहे की झुडपावर, दिवस आहे की रात्र, आणि मुख्य म्हणजे तो काय करीत आहे. पोवळा भ्याला म्हणजे शेपटी वळवून वर उचलतो आणि तिची रंगीत खालची बाजू दाखवितो. गवत्या भ्याला म्हणजे मान फुगवितो. त्याचे मुख्य अन्न भेक. जिवंत सापाच्या या खुणा वॉलच्या बाटल्यांत नव्हत्या.

हे सारे वहीत लिहावे, छायाचित्र लांबून घ्यावे आणि नाव घरी येऊन, जाणत्याला विचारून ठरवावे. रानात नाव ठरविण्याची घाई कोणाच्याही उपयोगाची नाही. आणि कोणाला दंश झालाच तर सापाच्या मागे धावू नये, त्याला मारून दवाखान्यात नेण्याच्या भरीस पडू नये. दंशाच्या जागी कापू नये, आवळून बांधू नये, तोंडाने चोखू नये. माणसाला धीर द्यावा, दंश झालेला अवयव हलू देऊ नये आणि त्वरेने दवाखाना गाठावा. साप कोणता हे डॉक्टर लक्षणांवरून पाहतील. आपल्याकडे मिळणारे प्रतिविष त्या चार मुख्य सापांवरचे आहे. चापड्यासारख्या सापांवर त्याचा उपयोग नाही. म्हणून चापड्यापासून दूर राहणे हाच चापड्यावरचा उपाय.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी रसेलने विचारले होते, की सामान्य माणसाला साप ओळखण्याची सोपी खूण मिळेल काय. इतक्या खटाटोपानंतर उत्तर असे आहे, की एकच सोपी खूण नाही. खुणा पुष्कळ आहेत आणि त्या सवडीने शिकाव्या लागतात. आमच्या त्या वाटाड्याची आम्ही दरवर्षी पावसाळ्यात भेट घेतो. त्याच्या बोटाचे टोक अजून काळसर आहे. गेल्या वर्षी त्याच्या धाकट्या मुलीने अंगणातल्या दगडी पायरीपाशी पडलेला एक लहान साप आम्हांला दाखविला. आम्ही दोन पावले मागे सरलो आणि तिला विचारले, “काय गो, खयचो हो?” ती बापाकडे पाहून म्हणाली, “नानेटी.” पाठीवरच्या दोन पिवळ्या रेघा पाहून आम्हांलाही तसेच वाटत होते; पण नाव सांगण्याचा मान तिचा होता. नानेटी थोडा वेळ थांबली आणि तुळशीमागच्या गवतात निघून गेली.